आरोंद्याची वाट मी बंद केली

या प्रवासाचं वर्णन मी पूर्वी एकदा लिहिलं आहे. पुण्याच्या एका साप्ताहिकात ते पहिल्या पानावर, चौकटीत, माझ्या नावासकट छापून आलं. लोकांनी वाचलं, कौतुक केलं. त्यात धडधडीत खोटं असं एकही वाक्य नव्हतं. तरी आज, गोवा मोकळा होऊन दोन-तीन वर्षं झाल्यावर, तोच प्रवास पुन्हा लिहायला बसलो आहे. पहिल्या वेळी जे लिहिलं त्याची मला लाज वाटते, आणि ती काही केल्या कमी होत नाही.

तेव्हा मी शाळामास्तर होतो. आदल्या वर्षी गोव्याच्या सत्याग्रहाला आमच्या आळीतले तिघं गेले. त्यातला एक पाय मोडून परत आला. मी गेलो नाही. घरी अडचण आहे असं सांगितलं. अडचण काही नव्हती, भीती होती. पुढे सरकारने गोव्याची नाकेबंदी केली. रेल्वे, रस्ते, माल, मनिऑर्डरी, सगळं बंद. तेव्हा मी भाषणं द्यायला लागलो. न गेल्याची भरपाई मी तोंडाने करत होतो. नाकेबंदी म्हणजे बंदुकीवाचून लढाई, पोर्तुगीज वर्षभरात गुडघे टेकतील, असं मी ठणकावून सांगत असे. एका सभेनंतर साप्ताहिकाचे संपादक म्हणाले, "सुट्टीत सरहद्दीवर जाऊन या. डोळ्यांनी बघा आणि लिहा." एप्रिल संपता संपता मी निघालो.

बांदा

आंबोलीचा घाट उतरताना गाडी वळली की मागच्या बाकाखालचा एक फणस घरंगळत यायचा आणि माझ्या पायावर आपटायचा. त्याची मालकीण दर वेळी "लागला काय वो?" म्हणून विचारायची आणि हात मात्र फणसावरून फिरवायची. सावंतवाडीला उतरलो तेव्हा माझा अंगठा सुजला होता. त्या सुजेसकट दुसऱ्या दिवशी बांद्याला पोचलो.

बांद्याहून गोव्याची हद्द चालत जाण्याच्या अंतरावर. पुण्यात मी मनाशी एक चित्र रंगवलं होतं: ताठ उभी बाजारपेठ, त्वेषाने बोलणारी माणसं. प्रत्यक्षात निम्म्या दुकानांच्या फळ्या लावलेल्या होत्या. ज्यांच्याकडे माझी उतरण्याची सोय केली होती ते बाबी शेट किराणा दुकानदार. ते गादीवर बसून पंख्याने वारा घेत होते.

"बाजाराच्या दिसाक हंय पाय ठेवक जागा नसायची," ते म्हणाले. "अर्दो बाजार गोंयातल्या पेडण्याचो. लग्नाचो बस्तो हंय, मिरची हंय, गूळ हंय. आता मी माशे मारीत बसलंय."

"पण पोर्तुगीज जेरीला आले असतील ना?"

"पाखलो? तेका काय जाता! तेचा सगळा जहाजान येता. कांद्या-मिरचेक म्हाग झाले ते पेडण्याचे गरीब, आणि गिऱ्हायकाक म्हाग झालंय तो मी."

मला हे उत्तर नको होतं. मी विषय बदलून सोन्याच्या आणि घड्याळांच्या चोरट्या व्यापाराबद्दल विचारलं. पुण्यात त्याची फार चर्चा होती.

"आसा ना, पुष्कळ आसा," शेट म्हणाले. "पण सोना आणणारे डोक्यार गाठोडा घेवन चलत नाय, मास्तरांनू. ते तुमका दिसूचे नाय."

हे वाक्य मी वहीत टिपून घेतलं. लेखात मात्र घातलं नाही.

आरोंदा

शेटच्याच सांगण्यावरून मी आरोंद्याला गेलो. तिथे तेरेखोलची खाडी आडवी येते. अलीकडे आपण, पलीकडे तेव्हाचा पोर्तुगीज मुलूख. पूर्वी या काठावरून त्या काठाला दिवसभर होडी चाले. आता ती पालथी घालून माडाखाली ठेवलेली होती आणि तिच्या सावलीत तिचा तारी, विठू, जाळं शिवत बसला होता.

आमच्याकडे भर दुपारी अनोळखी माणूस आला तर आधी त्याचं नाव-गाव विचारतात. इथे आधी पेज आली, नाव मागाहून. विठूच्या बायकोने, आनंदीकाकीने, पेजेसोबत भाजलेला सुका बांगडा ठेवला. मी मासे खात नाही म्हटल्यावर ती ओशाळली. "शिरा पडो माझ्या तोंडार, इचारूक नाय मी," म्हणत आत गेली आणि थोड्या वेळाने माझ्यासाठी बटाट्याची भाजी घेऊन आली. बटाटे मोठे, गुळगुळीत, पिवळसर होते.

"हे बटाटे इथे पिकतात?" मी विचारलं.

नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं. मग विठू हसला. "पलतडचे. हॉलंडसून येतत थंय, जहाजान. शालीन दिल्यान."

शाली त्यांची एकुलती एक मुलगी. खाडीपलीकडच्या गावात दिलेली, चार वर्षांपूर्वी, तेव्हा या दोन काठांमध्ये फक्त पाणी होतं. सासू वारलेली, नवरा दूर लोखंडाच्या खाणीवर, पंधरा दिवसांतून एकदा घरी येणारा. आणि आता तिला आठवा महिना संपत आला होता.

अमावास्या-पौर्णिमेला पहाटेची सुकती, म्हणजे ओहोटी, मोठी असते. तेव्हा गावाच्या वरच्या अंगाला खाडीच्या मधोमध वाळूचा पट्टा उघडा पडतो आणि दोन्हीकडून कमरेएवढ्या पाण्यातून तिथवर जाता येतं. आई आणि मुलगी त्या पट्ट्यावर भेटत. आईकडून कांदे-मिरची जाई, मुलीकडून हॉलंडचे बटाटे येत. दोन सरकारांच्या भांडणात त्या दोघींचा व्यापार एवढाच होता.

"उद्या अमावस," काकी म्हणाली. "येतास काय बघूक?"

तिने मला आपणहून बोलावलं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो.

उजाडता उजाडता आम्ही पाण्यात उतरलो. तिचं गाठोडं मी डोक्यावर घेतलं. त्यात कांदे, सुकी मिरची, गुळाचा खडा आणि जुन्या लुगड्याची शिवलेली चार दुपटी होती. वाळूवर शाली आधीच येऊन उभी होती, एक हात कमरेवर, पोट पुढे आलेलं. आईने आधी तिच्या पायांची सूज दाबून पाहिली.

"दिसता ना गो तुका बरा?"

"बरा आसा. रातचा निजूक मिळना नाय."

"येत्या पुनवेक ये. पयल्या बाळंतपणाक आवयकडे येवक होया. हंय सगळा तयार आसा."

"येतलंय गे. तू पुढे येवन उभी रव, माका पाण्याचा भय दिसता."

"मी मदी येवन हात धरतलंय तुझो."

तेवढंच बोलणं झालं. पाणी चढायला लागलं, दोघी पाठमोऱ्या झाल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, खरंच आलं होतं. त्याच दिवशी दुपारी शिरोड्याच्या एका ओसरीवर बसून मी लेख लिहिला.

सोन्याचा चोर मला कुणी दाखवला नव्हता. बांद्यात त्वेष दिसला नव्हता. पोर्तुगीज गुडघे टेकताना दिसले नव्हते. जे जे मी भाषणांत बोललो होतो त्यातलं काहीच दिसलं नव्हतं, आणि संपादकांना ज्वलंत काहीतरी हवं होतं. पाहिली होती ती एक बाई आणि तिचं गाठोडं. लेखाला एक गुन्हेगार लागत होता, मी तिला घेतलं. 'आरोंद्याच्या खाडीत अमावास्या-पौर्णिमेच्या पहाटे आपलीच माणसं शत्रूच्या चुली पेटत्या ठेवतात. डोक्यावर गाठोडी घेऊन हे पंचमस्तंभी कमरेएवढ्या पाण्यातून निर्धास्त चालत जातात, आणि परतताना परदेशी माल घेऊन येतात. ही भोकं कोण बुजवणार?' मुलगी, पोट, दुपटी यांतलं काही लिहिलं नाही. नाव लिहिलं नाही म्हणजे आपण सभ्यपणे वागलो, असंही मला वाटलं. पाकीट पोस्टात टाकलं आणि वेंगुर्ल्याच्या वाटेने मालवणला निघालो.

मालवण

मालवणला माझा कॉलेजातला मित्र दत्ता राहत असे. त्यांचं घर मासेमारीचं. बाप वारल्यावर होड्या आणि सुक्या माशांचा व्यवहार त्याची आई पाहायची. दहा-बारा दिवस मी मजेत होतो. सकाळी किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढताना बघायचं, दुपारी सोलकढी पिऊन झोपायचं, संध्याकाळी किल्ल्याकडे बघत किनाऱ्यावर हिंडायचं. एकदा होडीतून उतरताना शेवाळावरून पाय घसरला आणि मी कपड्यांनिशी समुद्रात बसलो. कोळणी कितीतरी वेळ हसत होत्या.

दत्ताच्या अंगणात बांगडे वाळत घातलेले असत आणि पलीकडच्या खोपीत आधीच्या मोसमाचे गठ्ठे तसेच पडून होते.

"पूर्वी मचवो भरून पणजेक जायचो," त्याची आई म्हणाली. "पावसात खावक गोंयकार आमचोच बांगडो घेयत. आता सरकार म्हणता, जावक नको. बरा, नाय जायत. पण तेंका सुक्या माशाशिवाय ऱ्हवक लागता काय? दुसऱ्या खंयसून तरी घेतत. एकदा गिऱ्हायक दुसरीकडे वळला की परत येता काय?"

मी तिला देशासाठी थोडी कळ सोसण्याबद्दल सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि माझ्या ताटात आणखी भात वाढला.

मग साप्ताहिकाचा अंक आला. गावातल्या वाचनालयात तो पोचला आणि त्याचा लेखक गावातच आहे हे कळल्यावर मंडळींनी माझा सत्कार ठरवला. अबोलीचा हार घातला. एका वकिलांनी लेख मोठ्याने वाचून दाखवला. 'ही भोकं कोण बुजवणार?' यावर टाळ्या पडल्या. मला तो हार काढावासा वाटेना. तसाच घालून घरी आलो.

दत्ताने आईला लेख वाचून दाखवला. ती निवडायला घेतलेले तांदूळ तसेच ठेवून ऐकत राहिली. शेवटी तिने विचारलं, "मगे त्या बायेक धरली काय रे?"

"कोणत्या बाईला?" मी म्हटलं. लेखात बाई असं कुठे लिहिलंच नव्हतं.

"डोक्यार गाठोडा घेवन चलता ती बाईच ना? पुरुस खंय गाठोडी घेतत डोक्यार?"

दत्ता हसला. मला हसू आलं नाही. पौर्णिमा आदल्या दिवशीच होऊन गेली होती. दुसऱ्या दिवशीची पहिली गाडी मी पकडली.

पुन्हा आरोंदा

माडाखाली होडी नव्हती. ती पोलीस चौकीसमोर साखळीने बांधून ठेवली होती. चौकी म्हणजे नवीनच उभारलेला झावळ्यांचा मांडव, वाळूचा पट्टा जिथून सुरू होतो नेमका तिथे.

विठूने मला पाहिलं आणि घोंगडी अंथरली. कुणी काही विचारायच्या आत त्याने सांगायला सुरुवात केली. पौर्णिमेच्या चार दिवस आधी शिपाई आले. पौर्णिमेला पहाटे शाली ठरल्याप्रमाणे निघाली. काकी तिला घ्यायला पाण्यात उतरली तशी तिला मागे ओढलं आणि दिवसभर चौकीत बसवून ठेवलं. शाली पट्ट्यापर्यंत आली होती. शिपायांनी ओरडून तिला परत फिरवलं. ती बराच वेळ तिथेच उभी राहिली. पाणी चढायला लागलं तेव्हा एकटीच माघारी गेली.

"नववो म्हयनो," विठू म्हणाला. "एकटी."

काकी भिंतीला टेकून बसली होती. तिने मला चहा दिला, पण बोलली नाही.

"कोणी सांगितलं असेल?" मी विचारलं. हे मी विचारलं. आजही माझा तो आवाज मला ऐकू येतो.

"पेद्रून," विठू म्हणाला. "दुसरो कोण? चौकीर बसान चाय पित होतो तो."

पेद्रू चार घरं पलीकडे राहणारा ख्रिस्ती कोळी. गावाने त्याला तोडलं होतं. त्याचे मासे कुणी घेत नव्हतं, त्याच्याशी कुणी बोलत नव्हतं. मी त्यावर काही बोललो नाही. संध्याकाळी जेवलो आणि त्यांच्याच ओसरीवर झोपलो.

सकाळी तोंड धुवायला विहिरीवर गेलो. बायका पाणी भरत होत्या. एक बाई घागर घेऊन बाजूला उभी होती. इतर बायका भरून गेल्या, नव्या आल्या, त्याही भरून गेल्या. तिला कुणी जागा दिली नाही. ती भांडलीही नाही. थोड्या वेळाने रिकामी घागर कमरेवर घेऊन निघून गेली. ती पेद्रूची बायको, असं कुणीतरी मला सांगितलं आणि वर म्हणालं, "पडू दे सुकी, चार दीस."

गोव्याबद्दल मी भाषणांत जे बोलायचो तेच हे वाक्य होतं.

मी परत गेलो. पिशवीतून अंक काढला आणि अंगणात उभा राहून विठूला म्हटलं, "पेद्रूने नाही सांगितलं. मी सांगितलं. छापून आलंय."

त्याला समजेना. दोघांनाही वाचता येत नव्हतं. तेव्हा मी लेख वाचून दाखवला, पहिल्या ओळीपासून. शेजारची चार माणसं गोळा झाली. ज्या वाक्यांवर मालवणात टाळ्या पडल्या होत्या ती वाचताना माझी जीभ अडखळत होती. काकी मध्येच पहिल्यांदा बोलली.

"पंचमस्तंभी म्हंजे काय?"

"घरात राहून शत्रूला मदत करणारा."

"म्हंजे मी?"

"हो," मी म्हटलं.

तिने मान हलवली, जणू एक शब्द समजला एवढंच. विठू उठून उभा राहिला. मला वाटलं, तो मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "आमी तुमका जेवक घातला, मास्तरांनू." मग आत जाऊन पाण्याने भरलेली घागर त्याने खांद्यावर घेतली आणि पेद्रूच्या घराकडे चालू लागला. जमलेली माणसं एकेक करून पांगली.

अंगणात मी आणि काकी उरलो. मी माफी मागायला लागलो. तिने हाताने थांबवलं.

"लिवक येता मा तुमका?"

"हो."

"मगे लिवा. साहेबाक लिवा, शालीक हंय येवक देवा म्हणान."

सावंतवाडी

मी अर्ज लिहिला. आयुष्यात इतकं साधं मी आधी काही लिहिलं नव्हतं. कुणाची मुलगी, कितवा महिना, घरी कोण नाही. काकीचा अंगठा घेतला आणि सावंतवाडीला एका कचेरीत जाऊन बसलो. तीन दिवस बसलो. तिसऱ्या दिवशी कारकुनाने माझं नाव वाचलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"म्हणजे ते तुम्हीच! वा! अहो, आपण फार छान लिहिलंत." त्याने खुर्ची दिली, चहा मागवला. मग आरोंद्याची फाईल काढली. सगळ्यात वर टाचणीने माझा लेख लावलेला होता. खाली तांबड्या पेन्सिलीने रेघा मारल्या होत्या.

"अर्ज मी पुढे पाठवतो," तो म्हणाला, "पण साहेब हेच दाखवतील. याच जागेबद्दल एवढा बोभाटा झाला आहे. तुम्हीच सांगा, आता सवलत कशी देणार?"

मी त्याला म्हटलं, लेख चुकीचा आहे. तो गोंधळला. "यात खोटं काय आहे?"

मला एकही वाक्य दाखवता आलं नाही.

अर्ज नामंजूर झाला. त्याच दिवशी संपादकांना पत्र टाकलं, सगळी हकीकत लिहिली, छापा म्हटलं. त्यांनी छापली नाही. अशा वेळी लोकांचं मन कच्चं करणं बरं नव्हे, असं दोन ओळींचं उत्तर मला नंतर पुण्यात मिळालं.

खाडीकाठी

आरोंद्याला परतलो तेव्हा बातमी आधीच आली होती. पलीकडच्या एका माणसाने काठावर येऊन ओरडून सांगितलं होतं: चेडू झाला, दोघांय बरी आसत. चेडू म्हणजे मुलगी. आदल्या रात्री कळा सुरू झाल्या, घरात दुसरं कुणी नव्हतं. शेजारणीने केलं सगळं.

सुट्टी संपत आली होती, तरी मी अमावास्येपर्यंत थांबलो. कुणी थांबा म्हटलं नाही, कुणी जा म्हटलं नाही. काकी मला दोन वेळा वाढत होती. विठू पेद्रूच्या होडीवर मासे मारायला जाऊ लागला होता, कारण त्याची स्वतःची होडी चौकीपुढेच होती.

पुढचं मला पत्राने कळलं. दीड-दोन वर्षांनी निर्बंध जरा सैल झाले तेव्हा काकीला पलीकडे जायला मिळालं. नात तोवर चालायला लागली होती आणि आजीला पाहून ती घाबरून रडली, असं विठूने कुणाकडून तरी लिहवून घेतलं होतं. पण मी जे पाहिलं ते त्या अमावास्येच्या सकाळचं.

शिपायांनी काकीला पाण्याच्या कडेपर्यंत जाऊ दिलं, पुढे नाही. मी तिच्या मागे उभा होतो. उजाडलं तेव्हा पलीकडच्या काठावर तीन-चार माणसं दिसली. मधली शाली असावी. तिने काहीतरी दोन्ही हातांनी वर उचललं.

"माका दूरचा दिसना नाय," काकी माझ्याकडे न बघता म्हणाली. "बगा वो. कशी आसा? शालीसारखी आसा काय?"

मी डोळे ताणून पाहिलं. खाडी रुंद होती. गोरी आहे, हसते आहे, हात हलवते आहे, असं काहीही मला सांगता आलं असतं आणि तिने मानलं असतं.

"पांढरं फडकं दिसतंय, काकी," मी म्हटलं. "उंच धरलंय. आत काय आहे ते मला दिसत नाही."

तिने कपाळावर हात आडवा धरून पलीकडे पाहिलं.

"धरलीहा ना अजून?"

"हो, धरलंय."

"आता?"

"अजून आहे."

पाणी चढून तिच्या पावलांना लागेपर्यंत ती विचारत राहिली, आणि मी जे दिसत होतं तेवढंच सांगत राहिलो.